तिसरा नकार

नवरोजच्या सुटीत शिराजहून तख्ते जमशीदच्या प्राचीन राजवाड्याचे अवशेष बघायला जाणाऱ्या बसची रांग हलत नाही, म्हणून कान मोकळे राहतात. माझ्यापुढे एक शिराजी जोडपं होतं, त्यांच्यापुढे यज्दहून आलेलं कुटुंब.

"महलका, रागावू नकोस. या यज्दच्या आगांना मी दुपारी घरी जेवायला बोलावलंय."

"आज? अहो, लग्न झाल्यापासून दर नवरोजला मी पाहुण्यांचा भात शिजवतेय. अडीच हजार वर्षांचे ते खांब आता माझी वाट बघून पडतील!"

"मी रीत म्हणून बोललो गं. पाहुण्याने तीनदा नको म्हणायचं असतं, हे साऱ्या इराणला ठाऊक आहे."

"मग ते किती वेळा म्हणाले?"

"दोनदा. तिसऱ्यांदा विचारलं, तर येतो म्हणाले."

"तिसऱ्यांदा विचारलंतच कशाला?"

"दोनदा विचारून थांबलो असतो तर शिराजचं नाक कापलं गेलं असतं!"

इतक्यात यज्दचे आगा मागे वळले.

"खानूम, तुम्हाला घरी परतायला लावणार नाही. आमच्याकडे पातेलंभर भात आहे, कबाब आहेत. तिथेच झाडाखाली सतरंजी टाकू. तुम्हीच आमचे पाहुणे व्हा."

"छे छे आगा, भलतंच काय!" शिराजी नवरा म्हणाला.

"येतो," महलकाखानूम म्हणाल्या.

"अगं, अजून दोन नकार बाकी आहेत!"

"ते परतीच्या बसमध्ये द्या."

पुढून यज्दच्या खानूमचा दबका आवाज आला, "अहो, कबाब मोजून आणलेत."

"मी रीत म्हणून बोललो गं!"