दगड झालेला दात

औरादच्या बसस्टँडवर माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. लेकीच्या हातात काचेची डबी होती.

"सुधा, मगरीचा दात घरात आणायचा न्हाई."

"अव्वा, मगरीचा न्हाई, तिच्या भावकीतल्या जनावराचा हाय. कोट्यवधी वर्षांमागं ते संपलं. दाताचा दगड झालाय."

"मांस खाणाऱ्याचाच की. आपल्या घरात अंडं बी चालत न्हाई."

"पाला खायचं ते."

"मला येडं करायलीस व्हय?"

"बघ तरी. टोकदार न्हाई, तुझ्या दाढेसारखा चपटा हाय. त्यावरनंच कळलं आम्हाला."

"मासे बी न्हाई?"

"न्हाई."

"मग आधी कामून सांगितलं न्हाईस? दोन वर्षं ह्या हाडं-दात शोधायच्या नोकरीवरनं भांडायलोय आपण."

"तू ऐकतच नव्हतीस."

"आण इकडं. बसमधी गर्दी असतीय, फुटंल. मी धरते."