पुस्तकाच्या पलीकडं बसलेली चंदा

मी मूळची नागपूरजवळच्या खाप्याची. माहे बाबा हातमागावर बसत, घरात दिवसभर खटखट, त्या खटखटीच्या वर आवाज चढवून मी पाढे म्हणायची, म्हणून आजही मी घरात बोलली की गल्लीच्या टोकाले ऐकू जाते. सातवी झाली, मास्तरकीचं शिक्षण घेतलं, अन् नागपुरात पहिलीच्या वर्गावर लागली. शाळेचं नाव नका लिहू भाऊ, तिथले बरेच लोक अजून जिते आहेत अन् मले त्याईच्या घरी लग्नात जेवाले जा लागते.

साठ-पासष्ट सालच्या त्या काळात पहिलीचं वाचन म्हणजे काय, तर बाईनं ओरडायचं अन् पोट्ट्यांनी मागून ओरडायचं. एखादा खिडकीतून बकरीकडं पाहत पाहतच धडा म्हणे. ऐकणाऱ्याले वाटे, वाहवा, अख्खा वर्ग वाचून राहिला, अन् एकट्याले उभं केलं की तोंडाले कुलूप. मले ते पटे ना. मी म्हटलं, हे काय भजन आहे का, ज्याचं त्याले वाचता आलं पाहिजे. आमचे हेडमास्तर म्हणत, बाई, एका सुरात वर्ग शोभून दिसते, तुम्ही काहून उघडा पाडून राहिल्या. पण मी जिद्दीची. पुस्तकं मोजकी, म्हणून पोट्टे गोल बसवायची, मधात जमिनीवर एक पुस्तक उघडं, ज्याची पाळी त्यानं एकट्यानं वाचायचं, बाकीच्यांनी सांगायचं नाही, अन् मीही सांगायचं नाही. काय सांगू तुम्हाले, माह्यासारख्या बडबडीले गप्प बसणं म्हणजे शिक्षाच. पण लेकरू अडते, नाकावर घाम येते, ओठ हलतात, अन् मग शब्द निघतो, तेव्हा ते असं पाहते की जसा तो शब्द त्यानंच बनवला.

त्यात एक चंदा होती. तिची माय सखूबाई विड्या वळे. चंदा लहान्या भावाले कडेवर घेऊन शाळेत येई, त्याले उंबऱ्यापाशी बसवी अन् स्वतः दाराजवळची जागा धरी, तो रांगत व्हरांड्यात गेला की उठता यावं म्हणून. रोज तीच जागा. मी पुस्तक माह्याकडून सरळ ठेवायची, ती बरोबर माह्यासमोर, पुस्तकाच्या पलीकडं. वाचे मात्र झकास, जरा हळू, पण अडखळली तरी कोणाच्या तोंडाकडं पाहायची नाही.

सखूबाई मले आधीच सांगून गेली होती. बाई, शाळा तपासणारे डिप्टी साहेब परीक्षा घेणार म्हणते, पोरगी पास झाली तं ठेवतो, नापास झाली तं उद्यापासून माह्याजवळ विड्यांची तोंडं दाबाले बसवतो, लहान्यालेही तीच पाहीन, उगाच शाळेत हवा खाऊन राहिली. मी छाती ठोकून म्हटलं, सखूबाई, तुही चंदा पहिल्या झटक्यात पास. मोठा तोरा होता जी माह्या अंगात तेव्हा.

उन्हाळ्याची सकाळची शाळा. साहेब टेबलाशी बसले, वर्तमानपत्रानं वारा घेऊन राहिले, बाजूले हेडमास्तर घाम पुसत. दारात सखूबाई, कडेवर लहाना, काम टाकून निकाल ऐकाले आली होती. चंदाचं नाव निघालं. साहेबांनी तिच्या हाती पुस्तक दिलं, म्हटलं, वाच बेटा. चंदानं पुस्तक पाहिलं अन् हातातल्या हातात उलटं फिरवलं. हेडमास्तर दात आवळून म्हणाले, अवं सरळ धर ना, अन् त्याईनं ते पुन्हा सरळ केलं. झालं. पोरगी मुकी. साहेबांनी बोट ठेवून दाखवलं, हा शब्द? मुकी. बरं, हे अक्षर? मुकी. मले वाटलं घाबरली. हेडमास्तरांनी माह्याकडं असं पाहिलं, की घ्या, अजून बसवा गोल.

साहेब म्हणाले, बाई, हिला अक्षरओळख नाही. नापास.

सखूबाईनं दारातूनच हात पुढं केला, चाल वं. बस, दोन शब्द. मी कशाच्या भरवशावर सांगणार होती, की हिले येते म्हणून?

साहेबांनी वर्तमानपत्र टेबलावर पसरलं, आपल्या बाजूनं सरळ, अन् यादीत दुसऱ्या पोराचं नाव शोधू लागले. चंदा टेबलाच्या पलीकडं तशीच उभी. मायकडं जाईना. मान खाली, अन् ओठ हलून राहिले. ते ओठ मी ओळखायची. मग बारीक आवाजात निघालं, उद्या... शहरात... नळ... बंद.

साहेबांची बोटं थांबली. हेडमास्तर म्हणाले, ऐकलं असंल कोणाच्या तोंडून. साहेबांनी पेपर फिरवून तिच्याकडं सरळ केला, म्हटलं, पुढं वाच. पुन्हा मुकी.

तेव्हा माह्या डोक्यात लख्ख झालं. टेबल, पेपर, पलीकडं चंदा. अख्खं वर्ष ती पुस्तकाच्या त्याच बाजूले बसली होती, तिले अक्षरं उलटीच ओळखीची. घरी पुस्तक नाही, अन् फळ्यावरची अक्षरं तेवढी माह्याही वर्गात सारे एका सुरात म्हणत, त्यात कोण पाहते अन् कोण नुसतं तोंड हलवते, कोणाले समजणार? मी पुढं झाली, साहेबांना विचारलंही नाही, पेपर गरकन उलटा केला अन् म्हटलं, चंदा, आता वाच.

टाक्यांची, ती म्हणाली. अन् अडली.

पुढचा शब्द होता सफाई. मले दिसून राहिला होता, माह्या जिभेवर आला होता, साहेब माह्याच तोंडाकडं पाहत होते, मी ओठ हलवला असता तं खेळ खलास. मी पदर तोंडात कोंबला, खरंच सांगते. चंदाच्या नाकावर घाम. स... म्हणाली, थांबली. फा... दारात लहाना रडाले लागला, तरी तिनं मान वळवली नाही. मग म्हणाली, सफाई. टाक्यांची सफाई.

साहेब लेखणी धरून बसले. म्हणाले, बाई, ही उलटं वाचते, याला मी काय लिहू? हेडमास्तर म्हणाले, नापासच, दुसरं काय. अन् दारातून सखूबाई आत आली. तिले साहेबांशी काही घेणं नव्हतं. तिनं पोरीले विचारलं, खरंच काय वं, उद्या नळ नाही? चंदा म्हणाली, नाही मा, लिहून आहे. सखूबाईनं एकदा त्या पेपरकडं पाहिलं, एकदा पोरीकडं, म्हणाली, मंग आजच भरून ठेवा लागते. अन् जाता जाता साहेबांना म्हणाली, तुम्ही काही लिहा जी, पोरगी शाळेत येईन.

साहेबांनी पास लिहिलं.

त्यानंतर माह्या वर्गात घंटा झाली की गोल सरके, प्रत्येक पोट्ट्यानं शेजारच्याची जागा घ्यायची, अन् चंदाचा भाऊ तेवढा वेळ माह्या मांडीवर.

तुम्हाले वाटत असंल, मी आता सांगीन, चंदा मोठी साहेबीण झाली. नाही झाली. सातवीनंतर लग्न झालं, अन् आता तीही विड्याच वळते. परवा मी तिच्या घरी गेली. चंदाच्या मांडीवर सूप, दोन्ही हात पानात अन् तंबाखूत, अन् समोर तिची पोरगी पुस्तक उघडून बसलेली, पोरीच्या बाजूनं सरळ. पोरगी एका शब्दावर अडली. मी सांगाले तोंड उघडलं, तं चंदा म्हणाली, बाई, तुम्ही गप्प बसा जी, तिले काढू द्या. अन् विडीवर दोरा गुंडाळता गुंडाळता पलीकडून ओळीवर नजर ठेवून बसली.

मी गप्प बसली, भाऊ. पोरीनं काढला शब्द. सुखी राहोत दोघी.