अंगणात आडवा पडलेला हिरो

— थांब, थांब. पाय वर. त्याच्या मनगटावर द्यायलास की पाय! असं गोठ्याकडनं ये, भिंतीला धरून. मी पण तिकडनंच येतो-जातो. स्वतःच्या घरात, ह्या वयात, उकिरड्याला वळसा घालून — कामून? तर अंगणात ह्यो आडवा पडलाय म्हणून. बस. बाजेवर बस. नाव काय म्हणालास? अनिलकुमार. हुमनाबादचा. अभिमानी संघाचा, म्हणजे ह्या हिरोच्या चाहत्यांचा — व्हय, ते दिसायलंय, शर्टावरच छापलाय की त्याला. बसम्मा घरात न्हाई. निलम्माकडं गेलीय, पलीकडच्या गल्लीत. तिच्याशी काम असंल तर मला सांग, मी तिचा नवरा हाय, गुरुशांतप्पा. न्हाई, सांगू पण नको, मला ठाऊक हाय. हैदराबादला त्याच्या नव्या सिनेमाचा जलसा हाय, मोठं मैदान हाय, आणि हिनं तिथं त्याची रांगोळी काढायची आणि त्यानं स्वतः येऊन बघायची. तिनं सांगितलं काल, जेवताना. मी गप्प बसलो. आणि ह्या घरात मी गप्प बसलो म्हणजे न्हाई. सुनेला ठाऊक हाय, गड्याला ठाऊक हाय, म्हशीला पण ठाऊक असंल. तेव्हा ती यायच्या आत तू उठलास तर बरं. चहा? चहा ती करतीय. मला येत न्हाई. तांब्यात पाणी हाय, पी.

काय बघायलास असं? चांगलं काढलंय म्हणायलास. चांगलं म्हणजे काय — हात हातासारखा हाय. दंड जरा जास्त फुगवलाय. एवढा दंड माणसाला असत न्हाई, मी कुस्त्या खेळलोय, मला कळतंय. पण तिला सांगायची सोय न्हाई. म्हणती, दंड असा काढला की मार लागल्यासारखा वाटतोय. हे खूळ आजचं न्हाई बाबा. तुम्हाला वाटतंय, लेकीनं मोबाईल दिला तिथनं सुरू झालं. न्हाई. तिचं माहेर खटकचिंचोळी. भाऊ हाय तिचा, नागनाथ — तो बस स्टँडवरनं कॉमिक्स आणायचा, कुणी मुखवटा घातलेला, कुणी गरुडावर बसलेला, कुणी एका बुक्कीत भिंत पाडणारा. लग्नात हिची पेटी उघडली तर लुगडी खाली आणि ती पुस्तकं वर! माझी आई म्हणाली, सून आणलीय का शाळेतलं पोर आणलंय. दुपारी भाकरी झाली की ही चुलीजवळ बसून बघायची. वाचायची न्हाई बरं का — बघायची. माणूस पळायला लागला की पाठीमागं रेघा कशा मारल्यात, बुक्की बसली की चांदण्या कुठं काढल्यात. ते बघ, त्याच्या पाठीमागं — दिसायल्यात रेघा? मी विचारलं, हे काय, दोऱ्या हायत का? म्हणाली, वारा हाय. वारा दिसतोय होय कुणाला? — तर म्हणती, तुम्हाला दिसत न्हाई.

आधी बरी होती. कमळ काढायची, मोर काढायची, सणाला बसवण्णाचा नंदी काढायची, आणि पायानं चालत बाहेर जाता येईल एवढी वाट ठेवायची. मग ह्यो आला. टीव्हीवर दुपारी लागतात की ह्याचे सिनेमे, तेलुगूचे कन्नड केलेले — तोंड एकीकडं, बोलणं एकीकडं. पहिल्या दिवशी हिनं नुसतं डोकं काढलं. मी म्हणलो, बरं. दुसऱ्यांदा छातीपर्यंत आला. आता बघ की — अंगणाचे चार खण पाडती, कॉमिकसारखे, हिकडच्या खणात हा उभा, पलीकडं मारायलाय, तिसऱ्यात व्हिलन हवेत, चौथ्यात नळाजवळ पडलेला. लोक येतेत. आपल्या हळ्ळीखेडचे येतेत ते येतेत, जनवाड्याहून पोरं मोटारसायकलीवर आली, मोबाईल वर धरून फिरली, मला म्हणाली, अप्पा जरा बाजूला सरा. मला! ह्या घराचा पाया मी खांदलाय.

आणि माहिती किती हाय तिला, ते तुला ठाऊक न्हाई. तुमच्या संघात कुणाला नसंल. मी एकदा म्हणलो, अगं, कमरेला तार बांधून उडवतेत त्याला, आणि मग ती तार पुसून टाकतेत. मला वाटलं, आता उतरंल तोंड. तर म्हणाली, ते मला ठाऊक हाय, काच पण साखरेची असतीय, आणि जिन्यावरनं लोळत येतोय तो हा न्हाईच, डुप्लिकेट हाय, त्याचे कान मोठे हायत. मी म्हणलो, मग हा करतोय काय? नुसता मिशीला पीळ देतोय? म्हणाली, तारेला दिवसभर लोंबकळून बघा तुम्ही एकदा. म्हणजे बघ — तिला सगळं खोटं हाय हे ठाऊक हाय. तरी. खोटं ठाऊक असलेल्या माणसाला काय समजवायचं, तू सांग.

ती पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. तुरी घेऊन येताना ओढ्यात आमची गाडी फसली, चाक आसापर्यंत चिखलात, बैल गुडघ्यावर आलेले. ही गाडीत बसलेली. मी पाठ लावली आणि उचललं चाक. पाठीनं, ह्या पाठीनं! तार न्हाई, डुप्लिकेट न्हाई. कुणी ढोल वाजवला न्हाई, माझे केस वाऱ्यावर उडाले न्हाईत. ही काय म्हणाली असंल? म्हणाली, धोतर फाटलं. — हसायलास? हस. त्यानं मागल्या महिन्यात टीव्हीवर जीप उचलली एका हातानं, तर हिच्या हातातली भाजी तशीच राहिली. शेंग धरलेली, मोडलेली न्हाई. मी बघितलं की. मी टीव्ही बघत नव्हतो, तिलाच बघत होतो.

नाव पण घेती त्याचं. तोंडभर. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत न्हाईत, ते तुला सांगायला नको. हिनं लग्नात एकदा उखाण्यात घेतलं, ते पण असं की शेजारच्या बाईला ऐकू गेलं न्हाई. पुढं जन्मभर 'अहो' आणि 'ऐकलं का'. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, पेशंटचं नाव काय — मी तापानं पडलेलो — तर ही म्हणाली, भिंतीवर कॅलेंडर हाय त्यातल्या स्वामींचं नाव बघा, तसंच हाय. आणि त्याचं? 'ह्यानं असं केलं, ह्यानं तसं केलं', नाव घेऊन, वर लाडानं अर्धं. मी घेत न्हाई त्याचं नाव. तू पण माझ्यापुढं घेऊ नको.

कुऱ्हाडीचं कोण सांगितलं तुला? तिनं? अजून काय काय सांगती ती फोनवर! — काय न्हाई त्यात. मी लाकडं फोडायला निघालो होतो. कुऱ्हाड खांद्यावर होती. माणूस कुऱ्हाड खांद्यावरच घेतो, डोक्यावर घेतो का? ही रांगोळी काढायलेली, मी समोर उभा राहिलो जरा. पाय असा पुढं टाकून. नुसता उभा राहिलो, दम घ्यायला. तिनं वर बघितलं न्हाई. म्हणाली, सरका, सावली पडायलीय. — मिशी? मिशीला काय झालंय? मिशी मी आधीपासून वर वळवतो. आधीपासून म्हणजे — पंचमीपासून. न्हाव्याला विचार की, मी काही त्याचा फोटो नेला नव्हता. तोंडी सांगितलं.

आता माझ्या तोंडाकडं काय बघायलास? एकदा तिकडं, एकदा हिकडं — मान दुखंल तुझी. काय? व्हिलन? बघ की जवळ जाऊन. न्हाई, मीच सांगतो, तू आपला चटकन हसून मोकळा होशील. व्हय. भुवई. डाव्या भुवईत खाच हाय ना त्याच्या? ही बघ माझी. खिलाऱ्या बैलानं शिंग घातलं होतं. सिनेमातला व्हिलन गोरा हाय, बिनमिशीचा, चष्मा घालतोय, इंग्रजी बोलतोय. मी बघितलाय सिनेमा — चालू असला तर डोळे झाकायचे का मी? आणि हिच्या रांगोळीत बघ. कपाळ माझं. नाक माझं. ओठ असे मिटलेले, कुणावर तरी रागावल्यासारखे. सगळ्या गावाला दिसलं, मला शेवटी दिसलं. मल्लप्पा दुकानदार म्हणाला, गुरुशांतप्पा, परवा तुला हवेत उडवलेला बघितलं, लागलं न्हाई ना? गेली चार वर्षं मी मार खायलोय ह्या अंगणात. प्रत्येक सणाला. संक्रांतीला नळाजवळ पडलो, शिवरात्रीला उकिरड्याजवळ.

विचारलं तर? कसं विचारायचं? काय म्हणून विचारायचं, मला कामून मारायलीस म्हणून? मी एकदा दारात उभा राहून बघितलं, तिला न कळता. ह्याला काढताना सारखी मोबाईलकडं बघती. नाक काढलं की मोबाईल, हनुवटी काढली की मोबाईल, दोन बोटांनी फोटो मोठा करून करून. पुसती, परत काढती. आणि व्हिलन आला की मोबाईल बाजूला. कुठंच बघत न्हाई. हात आपला जायलाय, जायलाय — भुवई, खाच, मिशी — एकदा पण थांबत न्हाई. एवढी पण किंमत न्हाई म्हणजे, की बघून काढावं. तिला वाटतंय, ह्याला काय बघायचं —

— काय म्हणालास?

परत म्हण. तोंडपाठ हाय म्हणून, मी?

…तू पोरगा हाईस. तुला काय कळतंय. लग्न झालंय का तुझं? मग गप बस.

कुणाचा फोन वाजायलाय? बघ की. तिचा? तिचा नंबर तुझ्याकडं कसा? आमच्या घरी फोन करायचा तर माझ्या फोनवर करायचा, ही रीत न्हाई का तुमच्या हुमनाबादला? उचल, उचल. काय म्हणायलीय? आलेच, म्हणायलीय. आलेच म्हणजे? येऊ दे की, तिचं घर हाय. त्यात तुला कामून फोन — तू विचारायला आलास ना? मला विचारायला? न्यायला आलास. गाडी घेऊन आलास. कोपऱ्यावर उभी केलीस, दारात आणली न्हाईस. तरी मी म्हणलो, मोटारसायकलीचा आवाज कसा आला न्हाई.

ती बघ. आली. इरकल नेसलीय, हिरवं, लेकीच्या, चैत्राच्या लग्नातलं. हातात बॅग, निलम्माच्या घरची, नवी कोरी. रंगाचे डबे पण बरोबर बांधलेत. — आलीस? ह्यो पोरगा बसलाय मघापासून. जायलीस म्हणं. मी काल काय म्हणलो होतो? — काय म्हणलो न्हाई, ते मला पण ठाऊक हाय. मी गप्प बसलो होतो. गप्प बसलो म्हणजे — काय? व्हय? व्हय समजलीस? अगं, कधीपासून? ह्या घरात गप्प म्हणजे — हसायलीस काय! बाहेरच्या माणसासमोर हसायलीस.

जा मग. मी काय अडवायलोय? अनिलकुमार, ती बॅग घे तिच्या हातातनं, बघत काय बसलास. आणि ऐक — हिकडं ये, तिला ऐकू जायला नको. झहीराबादच्या पुढं तिला मळमळतंय. खिडकीजवळ बसव, काच उघडी ठेव, ते थंड हवेचं मशीन लावू नको. गुडघा दुखतोय तिचा उजवा, खाली बसून एवढी मोठी काढायची तर पाट मागून घे कुणाकडनं, ती स्वतः मागणार न्हाई. आणि त्यानं — तो आल्यावर — हार-बीर घातला तर घालू दे. फोटो काढताना जवळ उभा राहिला तर… राहू दे. किती जवळ, ते तू बघ. तुझ्यावर सोडतो. मी? मी कशाला येऊ? गाडीत जागा हाय का न्हाई, हे मी विचारलंय का तुला?

चल, नीघ. बसली ती. आता गाडी लगेच चालू कर. मागं वळून बघायलीय बघ, दाराकडं. मी आत जातो. मी हितं उभा दिसलो तर उतरंल ती. जा. हॉर्न वाजवू नको. जा म्हणलं ना.