जळगावची पेटी, धुळ्याचा पडदा

(१९९९, दसऱ्याचा दुसरा दिवस, दुपार. हिलाल सर धुळ्याच्या कॉलेजात, शेजारी त्यांची आई भिकुबाई. प्रयोगशाळा सांभाळणारे जीवराम जळगावच्या कॉलेजात. दोघं फोनवर.)

जीवराम : दाबलं सर. काहीच झालं नाही.

हिलाल : दिसणार नाहीच, जीवरामभाऊ. मॉनिटर आहे कुठे तुमच्यापुढे?

जीवराम : तो तर गणपतीपासून प्राचार्य सायबांच्या केबिनमधी गेला. मी म्हंतो, या मशीनले डोळेच नाही अन् तुम्ही मले म्हंता टाइप करा.

हिलाल : डोळे नाहीत, पण तोंड आहे. पुन्हा सांगतो. नाव, एंटर. पासवर्ड, एंटर. मग डी, एच, यू, एल, ई, एंटर. लगेच तीनदा पीं वाजलं की समजायचं, मशीन तयार.

जीवराम : एकदाबी नाही वाजलं. सकाळी लाइट गेली तवापासून रुसून बसलं वाटते.

भिकुबाई : हिलाल, कोनसंगे चावळी राह्यना इतला येळ? मनी गाडी चार वाजानी शे.

हिलाल : जीवरामभाऊ शेतस, माय. जळगावनी पेटी त्यासना म्होरे शे. तुना बठ्ठा अहिराणी शबद तिन्हामाच शेतस.

भिकुबाई : दोन वरीस व्हयनात, तू हाईच सांगस. मी शबद सांगात, तू लिखात, पेटीमा टाकात. माले एक बी दिखना नही. आते ते माले वाचता बी येस.

हिलाल : आज दिखतीन.

भिकुबाई : देख बरं. उद्यापाईन कापूस येचाना शे. मंग मी काय शिंदखेडाथून लवकर येत नही.

जीवराम : आई काय म्हंते सर?

हिलाल : चारच्या गाडीने चालली आहे म्हणते. शब्द पाहिल्याशिवाय तिला जाऊ द्यायचं नाही, जीवरामभाऊ.

जीवराम : मंग त्या काळ्या पडद्यावर दाखवा की. मागं तुम्ही धुळ्याहून तसंच काम करत होते.

हिलाल : काळ्या पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं उमटतात. आपली अक्षरं मी चित्रासारखी काढली आहेत. ती पाहायची तर तिकडचा अख्खा पडदा फोनच्या तारेतून इकडे आणावा लागतो.

जीवराम : तो तर मागच्या दिवाळीत आणला होता तुम्ही. पाऊण तास लागला अन् निम्मा बी नाही आला.

हिलाल : तेव्हा सगळी सजावट मागवली होती, हौस म्हणून. आता मशीन चालवणाऱ्या लिनक्सला सांगून ठेवलंय, सजावट बंद, रंग मोजके, एकच खिडकी. व्हीएनसी म्हणून छोटा प्रोग्राम आहे, फ्लॉपीवर मावतो. तो तेवढं सहज आणेल. बरं, कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो?

जीवराम : लागते.

हिलाल : म्हणजे कीबोर्ड जिवंत आहे. एंटर दाबल्यावर पार खाली जातं का?

जीवराम : अर्धंच जाऊन रायलं.

हिलाल : काल काही सांडलं का त्याच्यावर?

जीवराम : सांडलं नाही सर. काल दसऱ्याची पूजा केली. झेंडूची माळ, हळदकुंकू, अक्षता.

हिलाल : अक्षता कुठे वाहिल्या?

जीवराम : कीबोर्डवर. हत्यार तर तेच ना आपलं.

हिलाल : जीवरामभाऊ, तुमच्या पाया पडतो. तो कीबोर्ड उलटा करा आणि झटका.

भिकुबाई : काय व्हयनं? हासस काबरं?

हिलाल : पेटीनी पूजा करी त्यासनी, माय. एंटरखाले तांदूळ अडकना.

भिकुबाई : मंग काय चुकनं? पूजा करवाले नको का?

जीवराम : निघाला सर. एक दाणा एंटरखालून, चार इकडून तिकडून. आता टाइप करतो. नाव... पासवर्ड... डी, एच, यू, एल, ई... वाजलं सर. तीनदा वाजलं.

हिलाल : फोन ठेवू नका. दुसऱ्या लाइनवर मोडेम लावतो.

भिकुबाई : हाई काय वरडी राह्यनं?

हिलाल : जळगावसंगे बोली राह्यनं.

भिकुबाई : आपली गिरणी बी असीच वरडस, पट्टा सरकना म्हंजे.

हिलाल : आते देख, माय.

भिकुबाई : हाऊ ते नुसता राखोडी शे.

हिलाल : थांब. वरथून खाले येई राह्यनं. आते बोट ठेव आनि वाच.

भिकुबाई : आं... डो... र. आंडोर. म्होरे, मुल... गा. मुलगा. आरे, हाऊ ते मीच सांगेल शबद.

हिलाल : त्यान्हा खाले काय लिखेल शे?

भिकुबाई : सां... ग... णारी. सांगणारी. भि... कु... बाई. हिलाल, हाई मन्हं नाव शे.

हिलाल : हा, माय. परतेक शबदखाले शे.

भिकुबाई : तू रडस काबरं?

हिलाल : भलता आनंद व्हयना, माय. चल, पावने चार व्हयनात.

भिकुबाई : जाऊ दे ती गाडी. साडेपाचनी बी शे. दुसरा काढ.

जीवराम : सर, आलं का काही? मले इथं नुसता पंखा ऐकू येऊन रायला. आई खूश झाली का?

हिलाल : तीच सांगेल. घे माय, जीवरामभाऊ शेतस. पेटी त्यासनापान शे, पन त्यासले काहीच दिखत नही.

भिकुबाई : आयक, भाऊ. तू नुसता बस. मी वाचस.