हॉर्न दिला होता ना मी!

नाही हो, दंड झाला त्याचं मला काही नाही! दंड काय, माणसाला होतो. पण दंड होऊन घरी यायचं, सोफ्यावर पसरायचं, मोज्यासकट पाय टीपॉयवर ठेवायचे आणि छताकडे बघत म्हणायचं काय, तर "हॉर्न दिला होता ना मी!" आता याला काय म्हणाल तुम्ही? बसा, बसा, चहा टाकलाय, सगळं सांगते. पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल तेजश्री नवऱ्याच्या कागाळ्या करते. करतेच आहे!

आमचा रणजित माणूस वाईट नाही हं. पुण्याच्या कंपनीने त्याला तीन वर्षांसाठी जपानात नागोयाला पाठवलं, तेही कशासाठी? तर ब्रेकसाठी! गाडीचे ब्रेक बनवतात तिथे हा इंजिनिअर आहे. लावत मात्र नाही. बनवतो. इथे आल्यावर सहा महिन्यांत एक जुनी पांढरी गाडी घेतली, परवाना इथला करून घेतला, आणि तेव्हापासून आमच्या गल्लीत तो अगदी कर्वे रोडवर असल्यासारखा फिरतो.

आता आमची गल्ली कशी आहे ते सांगते, म्हणजे लक्षात येईल. अरुंद. एका बाजूला सिगरेटचं दुकान, दुसऱ्या बाजूला भिंत. त्या दुकानासमोर रोज सकाळी योचिएनची, म्हणजे बालवाडीची बस येते. पिवळी, पुढे मांजराचं तोंड रंगवलेलं. आमची नुपूर तिथूनच जाते. आणि त्या थांब्यावर आम्ही पाच जणी आया उभ्या असतो. तुम्हाला सांगते, त्या थांब्यावर मी काय काय शिकले! जळणारा कचरा कुठल्या वारी, न जळणारा कुठल्या वारी, डब्यातला भात घट्ट कसा दाबायचा, ताप आला तर कुठल्या डॉक्टरकडे जायचं... पुण्याला फोन करायचा तर रविवारपर्यंत थांबायचं, तेव्हाही फोनकार्डाचे आकडे भराभरा उतरतात आणि आईचं "जेवलीस का" होईपर्यंत कार्ड संपतं. रणजित दिवसभर ब्रेकमध्ये. नुपूर घरी येते ती जपानीतच बोलत. मग मी बोलायचं कुणाशी? त्या चौघींशी! मला तिथे नाव नाही हं, मी "नुपूर-चान-मामा", म्हणजे नुपूरची आई. इथे आईला मामा म्हणतात! पण सकाळची ती घटका म्हणजे माझं माहेर समजा.

तर त्या दिवशी काय झालं, याला उशीर झाला. रोज बस यायच्या आधीच निघतो, पण त्या दिवशी किल्ली सापडेना. सगळं घर उलटंपालटं केलं आणि किल्ली कुठे? याच्या हातात! मी आपली नुपूरला घेऊन खाली गेले. बस आली, थांबली, दिवे लुकलुकायला लागले, बाई उतरून एकेका मुलाला वर चढवायला लागल्या, नुपूर चढून खिडकीशी बसली, आणि मागून...

पीं पीं पीं!

मी दोन वर्षांत या देशात हॉर्न ऐकला नव्हता हो! माणसं इथे आडव्या आलेल्या मांजराची वाट बघतात पण हॉर्न नाही देत. आणि खोटं कशाला बोलू, पहिल्या क्षणी मला भरून आलं. वाटलं, अगंबाई, लक्ष्मी रोड! दुसऱ्या क्षणी आमची पांढरी गाडी बसच्या शेजारून सूं करून गेली. आणि त्या चौघींतल्या हायाकावा-सान, म्हणजे हायाकावाबाई, त्यांची मिओ, चार वर्षांची, हॉर्नला दचकून मागे सरकली ती थेट रस्त्यात. तिच्या आईने टोपीला धरून खेचली म्हणून... नको. तो विचार आजही नको वाटतो.

आता गाडी कुणाची हे कुणाला कळलं नसतंही! पांढऱ्या गाड्या काय थोड्या आहेत? पण बसच्या खिडकीतून आमचं रत्न दोन्ही हात नाचवत अस्सल जपानीत ओरडलं, "उचि नो पापा दा!" म्हणजे, आमचे बाबा, आमचे बाबा! किती आनंद पोरीला! चौघी माझ्याकडे वळल्या आणि हसल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हसल्या!

आणि पुढच्या कोपऱ्यावर चौकीतला पोलिस, सायकल घेऊन उभा. हात वर केला, याची गाडी थांबली. मी धावत गेले. बरं, पोलिस कसा? आधी वाकून नमस्कार. मग, "सकाळच्या घाईच्या वेळी आपल्याला थांबवलं, माफ करा, परवाना बघू का?" रणजित भांडायच्या तयारीने काच खाली करून बसलेला, पण समोरचा ओरडतच नाही म्हटल्यावर भांडणार कुणाशी? पोलिसाने शांतपणे समजावलं, की मुलं चढवायला-उतरवायला बस थांबली असेल तर तिच्या शेजारून जाताना अगदी गोगलगायीच्या चालीने जायचं, आजूबाजूला मूल नाही ना हे बघायचं, असा कायदा आहे, आणि तो मोडला तर दंड, वर परवान्यावर गुण. इथे गुण मिळाले म्हणून पेढे वाटायचे नसतात हं, गुण साठत गेले की परवाना काढून घेतात! यावर आमचे इंजिनिअर काय म्हणाले असतील?

"पण हॉर्न दिला होता मी!"

पोलिस म्हणाला, "हो, ऐकला. त्याचंही लिहितोय."

कारण विनाकारण हॉर्न देणं हाही इथे गुन्हा! म्हणजे याने एका दमात दोन केले, आणि दुसरा केला तो पहिल्याची सफाई म्हणून. आता यात याचंच चुकलं असं नाही म्हणता येत, म्हणजे चुकलंच, पण आपल्याकडची रीत काय? पुण्यात हॉर्न न देता पुढे गेलात तर माणूस पुढच्या सिग्नलला गाठून विचारतो, "काय हो, हॉर्न मोडलाय का?" आपल्याकडे हॉर्न म्हणजे नमस्कार! याच्या डोक्यात गणित असं, की हॉर्न दिला म्हणजे आपलं कर्तव्य संपलं, पुढचं समोरच्याने बघायचं. रात्री जेवताना वरणाचा डाव हातात घेऊन मला समजावतो, "हॉर्नचा उद्देश काय? सावध करणं. मी सावध केलं." मी म्हटलं, "अरे, चार वर्षांचं पोर सावध होऊन करणार काय? दचकणारच ना! आणि तू ब्रेक बनवतोस ना रे? मग तो पाय काय फक्त ऑफिसात असतो?" तर डाव खाली ठेवून परत तेच. दिला होता म्हणे!

इथपर्यंत ठीक होतं हो. पण दुसऱ्या दिवशी योचिएनमधून फोन. मोठ्या बाईंचा. आवाज असा गोड, की मला वाटलं नुपूरला बक्षीस मिळालं. तर म्हणाल्या, तो थांबा धोक्याचा आहे असं आमच्या लक्षात आलंय, तेव्हा तो बंद करून मुलांना दोन वेगवेगळ्या थांब्यांवर पाठवायचा विचार आहे, आपली फार गैरसोय होईल, क्षमा करा. नुपूर जाणार होती मोठ्या रस्त्यापलीकडे देवळापाशी, एकटी. बाकीच्या चौघी शाळेमागे.

तुम्हाला सांगते, फोन ठेवला आणि मी तिथेच खाली बसले. माझा थांबा! आणि तो कुणी बंद पाडला? माझ्या नवऱ्याने! त्या चौघी मला काही म्हणणार नव्हत्या, "नाही नाही, काही नाही" म्हणत हसणार होत्या, आणि नंतर रस्त्यात भेटलो तर लांबून वाकणार होत्या. बस्स. मी रणजितला सांगितलं, "जा आणि माफी माग." हा म्हणतो, "दंड भरला ना? मग माफी कसली? आणि चूक अर्धीच आहे, कारण..." पुढचं मी ऐकलंच नाही.

पण याला कंपनीत सांगावं लागलंच, तिथे नियम आहे. याचे काचो, म्हणजे सेक्शनचे साहेब, मिझुनो-सान, मितभाषी माणूस. सगळं ऐकलं, उठले, कोट घातला आणि म्हणाले, "चला." हा म्हणतो, "कुठे?" "माफी मागायला." आणि वाटेत मिठाईचा खोका घेतला! आपल्याकडे पास झाल्यावर पेढे देतात, इथे नापास झाल्यावर. मलाही बोलावणं आलं.

तिथे मोठ्या बाईंच्या खोलीत कोण कोण? बसचे ड्रायव्हर ओकादा-सान, पांढरे हातमोजे घातलेले, साठीचे. हायाकावा-सान मिओला घेऊन. आणि आम्ही. मिझुनो-सान आत गेले आणि कमरेत असे वाकले, असे वाकले, की मला त्यांच्या डोक्यावरचं टक्कल पहिल्यांदा दिसलं. म्हणाले, "माझ्या माणसाला मी नीट शिकवलं नाही, चूक माझी." हा माणूस गाडीत नव्हता हो! गल्लीतसुद्धा नव्हता! त्यावर ओकादा-सान वाकले, "नाही, मी बस आणखी भिंतीशी घ्यायला हवी होती." मग हायाकावा-सान, "मी मिओचा हात सोडला, माझी चूक." मग मोठ्या बाई, "थांबा निवडला मी." तेवढ्यात मिओनेही वाकून घेतलं, का ते तिलाही माहीत नव्हतं! सगळी खोली वाकलेली, आणि मधे एकटा ताठ कोण? आमचा रणजित! तोंड उघडलं, मला "हॉ" ऐकू आला, मी हात उचललाच होता चिमटा काढायला...

पण तो थांबला. मिओकडे बघत राहिला. तिच्या टोपीचं इलॅस्टिक तुटलेलं, आईने टाके घालून जोडलेलं. खेचलं तेव्हा तुटलेलं ते. आणि तुम्हाला सांगते, त्याचा चेहरा जो उतरला ना, मी लग्नापासून असा बघितला नव्हता. मराठीत म्हणाला, "माझं चुकलं." कुणाला कळणार होतं? मग जपानीत म्हणाला, आणि मिझुनो-सानपेक्षा खाली वाकला. मला इतकं बरं वाटलं आणि इतकं वाईट वाटलं, की मी खिडकीबाहेर बघत राहिले.

मग वातावरण सैलावलं, चहा आला. हायाकावा-सानच म्हणाल्या, थांबा बंद कशाला? बस यायच्या वेळी कुणीतरी पिवळा झेंडा घेऊन रस्त्यात उभं राहिलं तर गाड्या आपोआप हळू होतील. सगळ्यांनी मान डोलावली. कोण उभं राहणार? सगळ्यांनी माना रणजितकडे वळवल्या. मिझुनो-सान म्हणाले, सुरक्षेचं काम आहे, कंपनीत उशिरा आला तरी चालेल.

थांबा वाचला! मी घरी येऊन देवाला साखर ठेवली.

आता रोज सकाळी रणजित उभा असतो. पिवळा झेंडा, पिवळी टोपी, आणि रुबाब असा, की चौकीतला पोलिस याला आधी नमस्कार करतो. एखादी गाडी जरा जोरात आली की झेंडा आडवा! परवा एका टॅक्सीवाल्याला काच खाली करायला लावून म्हणाला, "हॉर्न देऊन चालत नाही, ब्रेक लावावा लागतो!" टॅक्सीवाल्याने हॉर्न दिलाच नव्हता बिचाऱ्याने. आणि त्या चौघी? याच्यावर खूष! "नुपूर-चान-पापा, नुपूर-चान-पापा" करतात. कुणी त्याला लोणचं आणून देतं, कुणी डबाबंद गरम चहा. कांद्याची भजी कशी करायची ते विचारतात, आणि हा सांगतो! घरी गॅस पेटवता येत नाही याला! कुणाचा नवरा बदलीवर गेला, कुणाच्या सासूचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सगळं मला संध्याकाळी याच्याकडून कळतं, तेही अर्धवट. "पुढे काय झालं?" विचारलं तर म्हणतो, "बस आली."

तुम्ही म्हणाल, मग तूही जा की खाली. गेले होते ना! पहिल्या दिवशी गेले, दुसऱ्या दिवशी गेले. तर गल्ली अरुंद, मी उभी राहिले की याच्या झेंड्याला अडचण. तिसऱ्या दिवशी हायाकावा-सानने माझा हात हातात घेतला, इतक्या मायेने घेतला म्हणून सांगू, आणि म्हणाल्या, "नुपूर-चान-मामा, पापा आहेत ना इथे? तुम्ही किती दमता! तुम्ही आता घरी विश्रांती घ्या."

तर मी विश्रांती घेतेय. रोज बसच्या वेळेला. भांडी घासत.