बिळातल्या माश्यांचे पंख

डोळ्यांत औषध घालून नर्सने शिवणकामवाल्या बाईंना डोळे मिटून बसायला लावलं होतं. तपासणी आटोपून शेजारच्या बाकावर कुणी जोडपं येऊन टेकलं. आवाजावरून दोघंही म्हातारी.

“ऐकलंस? डॉक्टर म्हणतो, मला दोन वर्षांपासून बारीक काही दिसत नसणार! अगं, परवापर्यंत मी साळिंदराच्या बिळातल्या माश्यांचे पंख मायक्रोस्कोपखाली मोजतोय.”

“अहो, घरी जाऊन बोलू.”

“एकाच बिळात कुणाचे लांब, कुणाचे आखूड. केसाएवढा फरक! दिसत नसतं तर जमलं असतं? मी आकडा सांगतो, तू ‘हूं’ म्हणून वहीत लिहितेस. आधीच्या वर्षांशी जुळतात ना आकडे?”

“जुळतात.”

“मग?”

“तुमचा आकडा मी लिहीतच नाही. नुसतं ‘हूं’ म्हणते. तुम्ही हात धुवायला उठलात की मायक्रोस्कोपला मी डोळा लावते, मोजते, आणि मग लिहिते.”

“दोन वर्षं?”

“सव्वादोन.”

बाक करकरला; दोघं उठून गेली की काय, असं बाईंना वाटलं.

“मी मोजलेली शेवटची माशी कुठली?”

“चारशे बारावी. आखूड पंखांची. ‘हिला कुठं जायचंय’ म्हणाला होतात.”

“हं. उद्यापासून तूच मोज.”

“आणि तुम्ही?”

“मी नुसतं ‘हूं’ म्हणेन.”