रोजचा एक लाडू

— नाही नाही, हसू नका, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतेय. ‘सध्या कुठला गेम चांगला आहे’ हे मला कोणी विचारूच नये, तोंडाची चव जाते माझ्या. आणि प्राणेश, तुम्हाला माझं बोलणं कळतंय ना सगळं? मी इचलकरंजीची, भरभर बोलते. हे स्थळ आणणाऱ्या अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, पोराला मराठी सगळं कळतं, घरी तंजावरचं मराठी बोलतात, फक्त परक्या पोरीसमोर बोलायला लाजतो — रोंब नल्ल पय्यन, फार चांगला मुलगा, असं तमिळमध्ये तीनदा म्हणाल्या. चालेल. तुम्ही मान हलवा, बोलायचं काम मी करते. कॉफी घ्या, निवतेय.

तर गेम. यंदाचेच घ्या. तो समुद्री चाच्यांचा, ज्याची एवढी जाहिरात झाली — एकशे दहा जीबी! इथे वेस्ट मांबलमला माझ्या खोलीतलं नेट म्हणजे काय विचारता, दीड दिवस उतरत होता. उघडला तर नकाशाभर खुणाच खुणा, गोवर उठल्यासारख्या. इथे जा पिसं गोळा कर, तिथे जा मासे पकड, त्या म्हाताऱ्याची शेळी शोधून दे. अहो, दिवसभर ऑफिसात हेच करते मी, कोणीतरी यादी देतं आणि मी एकेक खूण खोडते, मग घरी येऊन परत शेळ्या शोधू? फुटबॉलचा तर दरवर्षी तोच असतो, खेळाडूंचे केस तेवढे नवीन. बंदुकांचा तो नवा — शिसारी आली मला. दाढीवाला सैनिक, डोळ्यांत पाणी, देशासाठी काहीबाही बोलतोय आणि हातातली बंदूक गुलाबी, तिला सशाचे कान! का? तर ते कान वेगळे विकत घ्यायचे असतात. आणि त्या राजवाड्याच्या गेममध्ये भिंतीवर राणीचं चित्र आहे, नीट बघा कधी, राणीच्या हाताला सहा बोटं. मशीनकडून काढून घेतलंय आणि कोणी बघितलंही नाही. एवढे लोक कामाला आणि बोटं मोजायला एक माणूस नाही.

चांगला? आहे की, एक आहे. ‘ओल्ड फेरी रोड’. दोन बहिणींनी मिळून केलाय, चार तासांत संपतो. आपण नावाडी, लोकांना नदीपलीकडे सोडायचं, बास. जिंकायचं काही नाही, हरायचं काही नाही, माणसं नावेत बसून आपापलं सांगतात आणि उतरून जातात. तो डोळे झाकून घ्या. बाकी सगळं कचऱ्यात टाका.

‘कोबाल्ट क्राउन’? तुम्ही खेळलात? आवडला? — नाही, तसं काही नाही, आवडू शकतो. त्यात दारं कशी वाटली तुम्हाला? दारं हो, किल्ल्यातली. लक्षातसुद्धा नाही ना? छान. चारशे बारा दारं आहेत त्यात आणि प्रत्येक दार मी उघडलंय. चालत जाऊन, पळत जाऊन, हातात मशाल घेऊन, घोड्यावर बसून, मेलेला माणूस ओढत नेऊन. टेस्टर आहे ना मी, बायोडाटात अन्नपूर्णाबाईंनी ‘सॉफ्टवेअर’ लिहिलंय ते हे. बाहेरदेशातल्या कंपन्या त्यांचे गेम आमच्याकडे पाठवतात, आम्ही ते मोडतात का बघतो. गेम बाजारात यायच्या आधीचे शेवटचे दोन महिने सुट्टी नाही, रविवार नाही. आणि हॉलमध्ये फोन न्यायचा नाही, कोणी फोटो काढून बाहेर पाठवेल म्हणून. बाहेर लॉकर असतात, त्यात ठेवायचा.

त्या दिवशी मी तळघराची दारं करत होते. संध्याकाळी बाहेर आले, लॉकर उघडला, तर बाबांचे अकरा मिस्ड कॉल. आईला सकाळी अ‍ॅडमिट केलं होतं. मी मिळेल ते विमान पकडून, पुढे टॅक्सी करून दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले, तोवर सगळं उरकलं होतं. बाबा दारात उभे होते, अंगावर पंचा, केस ओले. मला वाटलं जवळ घेतील. ते म्हणाले, ‘झालं खेळून?’

एवढंच. त्यानंतर दोन वर्षं आमचं बोलणं नाही.

अरेरे, हे मी कशाला सांगत बसले तुम्हाला. पहिल्याच भेटीत. तुम्ही गेम विचारलात आणि मी — पाणी घ्या ना. अण्णा, तण्णी! — नाही, रडत नाहीये, कॉफी गरम आहे.

मुद्द्यावर येते. सगळ्यात घाणेरडा गेम कुठला, हे तुम्ही विचारलंच नाहीत. मी सांगते. ‘मिठाई मेळा’. हो, तुमचाच. तोंड असं का केलंत? तुमच्या कंपनीचा आहे म्हणून काय झालं, घाण ती घाण. तीन बर्फ्या एका ओळीत आणा की टाळ्या वाजतात. ढोकळ्याला डोळे आहेत. दर दोन मिनिटांनी ती बाई येते, भरजरी साडीतली, आणि म्हणते ‘वा, काय गोडवा!’ — तो आवाज कोणाचा आहे हो? कानशिलात द्यावीशी वाटते. आणि पाच लाडू संपले की खेळ बंद, अर्धा तास थांबा, नाहीतर विकत घ्या, नाहीतर ओळखीच्या कोणाकडून मागा. भीक मागायला शिकवता तुम्ही माणसांना.

मी? खेळते ना. रोज. तीन वर्षं.

आई खेळायची म्हणून. तिचे लाडू संपले की मला मेसेज, ‘तनू, एक लाडू टाक गं.’ मीटिंगमध्ये असले तरी टाकायची. मग आई गेली, मी कामावर परत आले, आणि महिन्याभराने एका सकाळी, पावणेसातला, फोन वाजला आणि बघते तर — ‘शशिकलाने तुम्हाला लाडू पाठवला’. आईचं नाव. फोन हातातून पडला माझ्या. पहिल्यांदा वाटलं तुमच्या गेमचीच काही गडबड. मग कळलं, आईचा फोन बाबांकडे आहे. दूध तापवून झाल्यावर चष्मा लावून बसत असणार आणि आईचा डाव पुढे खेळत असणार. मी पण एक लाडू उलट पाठवला. दुसऱ्या दिवशी परत पावणेसात. एक दिवस चुकला नाही, मला ताप होता तेव्हाही नाही, दिवाळीतही नाही. शब्द काही नाही. फोन नाही. नुसता लाडू.

फोन का नाही केला? विचारायला सोपं आहे हो. मी करायचा की त्यांनी? ते बोलले होते ना तसं, मग त्यांनी करायचा. आणि ते बाबा आहेत, ते कशाला करतील. आमच्या घरात सगळेच असले. लाडू बरा होता, लाडू पाठवला म्हणजे कोणी माघार घेतली असं होत नाही.

आणि तुम्ही तो बंद केलात. सव्वीस दिवस झाले, मंगळवारी तुमचं ते नवं अपडेट आलं. पूर्वी उघडलं की पहिल्याच पडद्यावर आईचं नाव असायचं, नावाखाली ताट, ताटाला बोट लावलं की लाडू गेला. आता तिथे चक्र फिरतंय, सवलतीच्या पाट्या, ‘मंडळात सामील व्हा’, ती साडीतली बाई — आणि नाव गायब. ताट गायब. चार तक्रारी लिहिल्या मी, रीतसर, पायऱ्या घालून, धंदाच आहे माझा. उत्तर काय, तर ‘तुमचा दिवस गोड जावो’! शेजारच्या काकांना मेसेज करून विचारलं, ते म्हणाले बाबा बरे आहेत, सकाळी दूध आणताना दिसतात. म्हणजे माणूस ठीक आहे, तुमचा गेम मोडलाय.

म्हणून आले मी. खरं सांगून टाकते आता. याआधी चार स्थळांना मी भेटायलाही गेले नाही. तुमचा बायोडाटा आला, कंपनीचं नाव वाचलं आणि मी हो म्हटलं, आणि त्या बिचाऱ्या अन्नपूर्णाबाईंनी आनंदाने केसरी, म्हणजे इथला गोड शिरा, केली. मला लग्न करायचं नाहीये. म्हणजे तुमच्याशी असं नाही, तुम्ही चांगले आहात, इतकं कोण ऐकून घेतं — पण मी स्थळ बघायला आलेच नव्हते. मला एवढंच म्हणायचं होतं, ते ताट परत लावा. ‘कोणी वापरत नव्हतं’ असं सांगू नका. दोन माणसं वापरत होती.

काय? — काढलेलं नाही?

कसं नाही, मी टेस्टर आहे, मला — बरं, हा घ्या माझा फोन. दाखवा. हं, ‘मंडळ’, तिथे मी बोटही लावलं नाही, मला असल्या मंडळांचा तिटकारा आहे. त्याच्या आत? हे कोपऱ्यातले तीन ठिपके? ‘जुने सोबती’ — देवा. एवढं आत नेऊन ठेवायचं? आहे. एकच नाव आहे. शशिकला. ताटही आहे.

हे खाली बारीक काय लिहिलंय — ‘शेवटची भेट तेवीस दिवसांपूर्वी’. म्हणजे शेवटचा उघडला तेव्हा? थांबा. अपडेट सव्वीस दिवसांपूर्वी. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. शुक्रवारपर्यंत उघडून बघत होते ते. मला सापडलं नाही ते त्यांना कुठून सापडणार, आईचा तो फुटक्या काचेचा फोन! रोज पावणेसातला उघडून बघितलं असणार, लाडू नाही, नाव नाही, आणि त्यांना वाटलं असणार मीच बंद केलं. मी चार तक्रारी लिहिल्या, तुम्हाला शिव्या घातल्या, राणीची बोटं मोजली — आणि तिकडे माझा बाप चार दिवस वाट बघून फोन ठेवून बसलाय. लाज वाटते हो मला माझी.

पाठवू आता? पाठवून काय उपयोग, ते उघडतच नाहीयेत.

नाही, बाबांचा नंबर शोधायला नको, पाठ आहे.

तुम्ही निघा. राग मानू नका, अन्नपूर्णाबाईंना मी सांगते काय ते. नाही, सोबत थांबायला नको, खरंच नको. रिंग जातेय. निघा ना आता, असे बघत नका उभे राहू — उचलला.